श्वासाच्या जागा

"चार तुकडे केलेस माझ्या ओळीचे. कांदा चिरतात तसे."

"ओळ माझी, चाल तुझी. मी माझा कांदा चिरला."

"आणि रडायचं मी?"

"रड की. मिशा भिजतील, तेवढंच."

संगीतकाराला पियानोचं झाकण आपटायचं होतं. पण मागच्या भांडणात त्याची एक बिजागरी निखळली होती आणि नाट्यगृहाच्या व्यवस्थापकानं झाकणावर 'हळू' अशी चिठ्ठी डकवून ठेवली होती. म्हणून त्यानं ते दोन्ही हातांनी, तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तसं खाली टेकवलं आणि मग राग पुढे चालू केला.

तालमीचा हॉल रिकामा होता. नटमंडळी जेवायला गेली होती. जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीनं दीपगृहाचा गोल जिना आखलेला होता, आणि भांडता भांडता दोघंही त्या जिन्यावरून वरखाली करत होती. सवयच अशी, की रागातसुद्धा पट्टीवर पाय पडत नव्हता.

"मूळ ओळ काय होती? 'इतक्या रात्री जागलो मी की समुद्राला माझी झोप पाठ झाली आणि मला त्याची भरती.' एका दमात. दीपगृहाचा म्हातारा राखणदार शेवटचा दिवा विझवायच्या आधी हे गातो आणि अख्खं थिएटर जागच्या जागी थिजतं. आप्पा गाणार म्हणून बांधली ही चाल मी. आणि आता काय आहे? 'मी जागलो. तूही जागलास. झालं आता. नीज.' तार करतेयस का समुद्राला?"

"थकलेला माणूस लांब बोलत नाही."

"बोलता येत नाही, म्हणून तर गातो. संगीत नाटक आहे हे, माझे आई."

"शब्द कमी केलेत. अर्थ तेवढाच आहे."

"तीस वर्षांत दहा शब्दांच्या आत ओळ दिलेली नाहीस मला. चहा मागतेस तोसुद्धा दोन कडव्यांत. खरं कारण सांग."

"हेच खरं."

"खोटं. खोटं बोलताना तू पेन्सिल कानामागे खोचतेस."

तिचा हात कानाकडे गेला. पेन्सिल तिथंच होती.

"लेखी दे," तो म्हणाला. "बारा दिवसांवर पहिला प्रयोग आलाय. असलं काही मी तोंडी घेत नसतो."

तिनं पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि 'हळू' या चिठ्ठीवर थाडकन ठेवला. "घे. एक अक्षर बदलणार नाही. चाल बदल, नाहीतर दुसरी गीतकार बघ, बोक्या." आणि जिना न उतरता, दीपगृहाच्या भिंतीतून आरपार, पट्टीवर पाय देऊन ती चालती झाली.

बोका हे काही त्याचं नाव नव्हतं. मिशा आणि दुपारच्या उन्हात पियानोच्या बाकावर पेंगायची सवय, यांतून ते पडलं होतं. तसंच तिचं नावही कुजबूज नव्हतं. खरं नाव नाटकाच्या जाहिरातीत ठळक छापलं जायचं, पण रंगमंचाच्या मागच्या दारातून आत आलं की ते चपलांबरोबर बाहेरच राहायचं. नवी मुलं 'ताई' म्हणायची. जुनी माणसं 'कुजबूज'.

एकोणिसाव्या वर्षी ती या दारातून पहिल्यांदा आत आली ती मावशीबरोबर. मावशी नटांचे कपडे शिवायची. पोरीला शिवणातलं ओ की ठो येत नव्हतं, पण वाचता येत होतं आणि हळू बोलता येत होतं. तिला डाव्या विंगेत तीन पायांचं एक स्टूल मिळालं आणि नाटकाची वही. नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्या कानापर्यंत पोचवायचा, प्रेक्षकांच्या नाही. कुजबुजायचं. एवढंच काम.

त्या स्टुलावर बसून तिला एक गोष्ट कळली, जी कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती. नट बोलताना विसरत नाही, श्वास घेताना विसरतो. शब्द तोंडातून वाहत असतात तोवर सगळं ठीक. हवा आत घ्यायला थांबला की भांडं उपडं होतं. म्हणून कोण कुठे श्वास घेतो ते ती वहीत लाल पेन्सिलीनं टिपून ठेवायला लागली. प्रत्येक जागी एक बारीकसा आकडा, माशाच्या गळासारखा. महिनाभरात सगळ्या मंडळींचे श्वास तिला पाठ झाले. "नवऱ्याचं घोरणं बायकोला माहीत असतं," मावशी म्हणायची, "आमच्या पोरीला बाकीचं सगळं माहीत आहे. हिचं लग्न कसं व्हायचं?"

दुसऱ्या वर्षी ते घडलं. ऐन प्रयोगात आप्पांचं गाणं चालू होतं. तेव्हा ते आप्पा नव्हते, सडपातळ तरुण होते आणि दर दोन मिनिटांनी केस मागे सारायचे. दुसऱ्या कडव्याच्या आधी त्यांनी श्वास घेतला, आणि डोळे डाव्या विंगेकडे वळले. भांडं उपडं. कुजबूजनं पान उलटलं, तर पानच उलटेना. मावशीची खळ सांडून दोन पानं एकमेकांना चिकटली होती, आणि कडवं त्यांच्या पोटात.

वाद्यं एक आवर्तन फिरून आली. तिला काय सुचलं ते तिचं तिला ठाऊक. दोन ओळी तिनं तिथल्या तिथे रचल्या आणि कुजबुजली. आप्पांनी वर्षभर रियाज केल्यासारख्या त्या गायल्या.

मध्यंतरात दिग्दर्शक तावातावानं आत आले. "ते कडवं कोणी लिहिलं?"

आप्पांनी केस मागे सारले. "त्या स्टुलानं."

दिग्दर्शकांनी स्टुलाकडे पाहिलं. त्यावर बसलेल्या मुलीला वाटलं, संपलं, उद्यापासून काजं-बटणं. पण ते एवढंच म्हणाले, "मूळच्यापेक्षा बरं आहे. वहीत लिहून ठेव." ते कडवं नाटकात राहिलं आणि स्टुलाची गीतकार झाली.

मग तेवीस संगीत नाटकं. आधी नुसती गाणी, मग संहिताही. मध्ये पाच सिनेमांच्या पटकथा, कारण सिनेमावाल्यांनी बोलावलं आणि नवरा म्हणाला, जाऊन तर बघ. ती गेली आणि बघून परत आली. "सिनेमात श्वास कोणाला लागतच नाही," ती सांगायची. "नायिका डोंगर चढते, प्रेमात पडते, चार कडवी गाते. दम लागतो तो कॅमेरावाल्याला." सिनेमानं तिला एकच गोष्ट शिकवली, कापायला. पण लिहायची पद्धत विंगेतलीच राहिली: आधी गाणार कोण ते विचारायचं, मग त्याच्या श्वासाएवढी ओळ. प्रत्येक गाण्याच्या ती दोन प्रती करायची. कोरी संगीतकारासाठी. लाल आकड्यांची, गाणाऱ्यासाठी. संगीतकाराला ते आकडे आवडायचे नाहीत. "श्वास कुठे घ्यायचा ते माझी चाल सांगते," तो म्हणायचा, "तुझे गळ तू मासे धरायला वापर."

म्हणजे आता प्रश्न असा, की ज्या बाईनं आयुष्यभर आप्पांना लांबच लांब ओळी दिल्या, तिनं त्यांच्या शेवटच्या गाण्याचे तुकडे का केले?

तर तीन आठवड्यांपूर्वी ती आप्पांकडे गेली होती. आप्पा फिरायला बाहेर पडले होते. वहिनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत होत्या. कुजबूजही बसली सोलायला. अर्धी परात झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "मागच्या वर्षी आम्ही चार महिने मुलाकडे होतो ना, ते मुलाकडे नव्हतो."

"मग?"

"इस्पितळात. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला ह्यांचा. कुणाला बोलू नका हं. मी सांगितलं असं कळलं तर माझ्याशी बोलणार नाहीत. तसे एरवीही फार बोलत नाहीत, पण ते वेगळं."

कुजबूजच्या हातातली शेंग तशीच राहिली. "डॉक्टर काय म्हणतात?"

"गा म्हणतात. पण जिना चढल्यासारखं, थांबत थांबत. आणि तुमचं ते शेवटचं गाणं म्हणजे लिफ्ट आहे हो. मध्ये थांबतच नाही. परवा न्हाणीघरात म्हणून बघत होते. पहिली ओळ अर्धी झाली आणि मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज."

कुजबूजला पुढचं सगळं एका क्षणात दिसलं. निर्मातीणबाईंना कळलं की त्या म्हणणार, आवाज ध्वनिमुद्रित करू, तुकड्या-तुकड्यानं घेऊ, आप्पांनी नुसते ओठ हलवायचे. आणि आप्पा तर केव्हाच सांगून बसले होते, "ज्या दिवशी तोंड माझं हलेल आणि आवाज भिंतीतून येईल, त्या दिवसापासून मी घरी बसेन." संगीतकाराला सांगावं, तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. शिवाय दम पुरत नाही म्हणून त्यानं सख्ख्या भावाला समूहगानातून काढलेलं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आप्पांना ही भूमिका आपल्याच आवाजात, कोणाची दया न घेता करायची होती. राहिलेल्या श्वासात मावेल असं गाणं लिहिणं एवढंच कुजबूजच्या हातात होतं. तिनं वहिनींना शब्द दिला आणि घरी येऊन लाल पेन्सिलीला टोक काढलं.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाश्त्याच्या टेबलाशी पिशवी उघडून बसली. आप्पांची प्रत आज त्यांना द्यायची होती. हाताला लागली ती कोरी प्रत.

तिनं पिशवी टेबलावर पालथी केली. चष्मा, रुमाल, तीन पेन्सिली, किल्ल्या. लाल आकड्यांचा कागद नव्हता.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरातल्या वादळांची त्याला आधी चाहूल लागायची.

"आप्पांचा कागद बोक्याकडे गेला."

"मग?"

"त्याला वाचता येतं."

कागदावर नुसते आकडे असते तरी एक वेळ चाललं असतं. अकरा होते, एवढ्याशा गाण्यात अकरा, म्हणजे दर दोन-तीन शब्दांना एक. तरी त्यावर काही थाप मारता आली असती. पण वर समासात तिनं लिहिलं होतं, 'आप्पा, इथे थांबा. घाई नाही. दम आला की पुढे.' आप्पांनी ती राखणदाराच्या भूमिकेची सूचना मानली असती, बोक्यानं नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे विसरलेले शब्द जपणाऱ्या बाईनं चुकीचा कागद चुकीच्या माणसाच्या पुढ्यात आपटला होता, आणि तोही एवढ्या ऐटीत.

ती तालमीच्या हॉलमध्ये पोचली तेव्हा संगीतकार पियानोवर काहीतरी वाजवत होता.

"कालचा कागद कुठाय?"

"कुठला? तो होय. चहा सांडला त्यावर. टाकून दिला."

"वाचलास?"

"वाचायला काय आहे त्यात? सात शब्दांची ओळ. तू बोलत होतीस तेव्हाच पाठ झाली." त्यानं मान वर केली नाही. "आणि तुझं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. तुझं चूकच आहे. पण मी विचार केला, म्हातारा एवढं बोलतोय आणि समुद्र गप्प का? त्यानं उत्तर नको द्यायला? तो क्लॅरिनेटवाला दोन अंक नुसता बसून असतो. जांभया देतो, त्याही बेसूर. त्याला काम दिलंय. ऐक."

'मी जागलो', तो वाजवत गुणगुणला, आणि थांबला. त्या थांबलेल्या जागेत खालच्या पट्टीतून एक लाट उठून आली आणि विरली. 'तूही जागलास'. पुन्हा लाट.

कुजबूज पिवळ्या जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे जमिनीवरच, बसली. चांगलं झालं होतं. मूळच्यापेक्षा बरं होतं.

आप्पा आले, त्यांनी ऐकलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "आधीची चाल का काढलीस रे?"

"फार सोपी होती तुम्हाला," संगीतकार म्हणाला. "ही अवघड आहे. हिच्यात गप्प राहता आलं पाहिजे. तरण्या पोरांना ते जमत नाही, लगेच पुढे पळतात."

आप्पा ताठ झाले. आता नसलेले केस त्यांनी मागे सारले. "बघू तरी," असं म्हणून ते गायला उभे राहिले.

कुजबूजच्या छातीवरचा धोंडा निम्मा उतरला. निम्माच, कारण हॉलमधल्या दोन्ही कचऱ्याच्या टोपल्या तिनं सगळे गेल्यावर पाहिल्या, आणि चहाचा कागद कशातच नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं व्यवस्थापकाच्या खोलीतलीही पाहिली. व्यवस्थापकानं विचारलं, "ताई, काही हरवलंय का?" ती म्हणाली, "गाणं." तो बिचारा तिच्याबरोबर शोधू लागला. रोज सकाळी तिला वाटायचं, आज निर्मातीणबाई बोलावणार. बाईंनी एकदा बोलावलंही. पण आप्पांच्या खोट्या दाढीचा रंग त्यांना पटत नव्हता, एवढंच.

पहिला प्रयोग दुपारचा होता. शेवटच्या प्रवेशाच्या आधी कुजबूज पाहुण्यांच्या रांगेतून उठली आणि डाव्या विंगेत येऊन बसली. ते जुनं स्टूल कधीच मोडलं होतं, तिथं आता प्लॅस्टिकची खुर्ची होती. समोर, दिव्यांच्या पलीकडे, तिसऱ्या रांगेत वहिनी दिसत होत्या. पर्स दोन्ही हातांनी आवळून धरलेली.

आप्पा जिना चढून दिव्यापाशी आले. खरा जिना, बारा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर ते म्हाताऱ्या राखणदारासारखे थांबले. प्रेक्षकांना वाटलं, काय अभिनय आहे.

'मी जागलो.' लाट. 'तूही जागलास.' लाट. ओळ फिरून फिरून येत होती आणि कुजबूज मनात आकडे मोजत होती. चार. पाच. आवाज पूर्वीइतका मोठा नव्हता, पण तो आप्पांचाच होता, थोडा खरखरीत, कडेला झिजलेला. सात. आठ. नवव्या आकड्याला आप्पा थांबले आणि क्लॅरिनेट उठली, आणि क्लॅरिनेट संपायच्या बेताला आली तरी आप्पांचे खांदे वरच होते. दम आला नव्हता. कुजबूजला न्हाणीघरातलं पाणी ऐकू आलं. तिच्या ओठांवर पुढचा शब्द तयार होता, पण शब्दाचा काय उपयोग, हवा कुठून कुजबुजणार?

लाट संपली नाही. ती वळली, खाली गेली, पुन्हा एकदा किनाऱ्यापाशी आली आणि तिथंच रेंगाळत राहिली, कुणाची तरी वाट पाहावी तशी. आप्पांचे खांदे हळूहळू खाली आले.

'झालं आता.'

दहा. अकरा.

'नीज.'

दिवा विझला. थिएटरमध्ये कोणी हाललं नाही, आणि मग सगळे एकदम उभे राहिले. वहिनींची पर्स खाली पडली. ती उचलायचं त्यांना सुचलंच नाही. कुजबूजनं स्वतःचा श्वास सोडला तेव्हा तिच्या लक्षात आलं, तो तिनं नवव्या आकड्यापासून धरून ठेवला होता.

नंतर रंगपटात नुसता गलका झाला. आप्पा दाढी अर्धी सोलून सगळ्यांसाठी चहा मागवत होते आणि वहिनी त्यांना "खाली बसा आधी" म्हणत होत्या. निर्मातीणबाईंनी डोळे टिपून जाहीर केलं की दाढीचा रंग त्यांना पहिल्यापासून पसंत होता. कुजबूज तिथून निसटली आणि वादकांच्या खड्ड्यात उतरली. क्लॅरिनेटवाला वाद्याचे तुकडे सुटे करून पुसत होता.

"ती नववी लाट," ती म्हणाली. "तालमीत एवढी लांब नव्हती."

"तालमीत लागली नव्हती ना लांब करायला."

"आज लागेल हे तुला कसं कळलं?"

"वर लिहिलंय की." त्यानं स्टँडवरचा कागद तिच्याकडे वळवला.

स्वरांच्या वर लाल पेन्सिलीचे आकडे होते. गळासारखे. अकरा. तिच्याच जागांवर, पण हात तिचा नव्हता. हे आकडे जाडे आणि ओबडधोबड होते, कधी न काढलेल्या माणसानं जपून काढल्यासारखे. आणि समासात संगीतकाराचं किरटं अक्षर: 'कागदाकडे नाही, त्यांच्या खांद्यांकडे बघ. खांदे खाली आले की थांब. घाई नाही.'

"म्हणाले, समुद्राच्या श्वासाच्या जागा आहेत," क्लॅरिनेटवाला म्हणाला. "मी म्हटलं असतील बुवा."

खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला संगीतकार पियानोवरचे कागद गोळा करत होता. ती त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"बोक्या."

"हं."

"चहा सांडला होता ना त्या कागदावर?"

त्यानं कागदांच्या कडा जुळवल्या. मग पुन्हा जुळवल्या.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "आणि तू कोणाला बोलला नाहीस. तू. माझ्या पन्नाशीला सगळ्यांनी गुपचूप जेवण ठरवलं होतं, ते मला कोणी सांगितलं? तूच. स्वयंपाकात काय आहे तेसुद्धा."

संगीतकारानं चष्मा खिशात ठेवला आणि छत्री उचलली. मग या पियानोचं झाकण, ज्याच्या दोन्ही बिजागऱ्या धड होत्या आणि ज्यावर कुठलीही चिठ्ठी नव्हती, त्यानं दोन्ही हातांनी खाली आणलं आणि टेकवलं.

"मला तरी सांगायचंस," ती म्हणाली. "अकरा दिवस मी कचऱ्याच्या टोपल्या उचकतेय. लोकांना वाटलं मला वेड लागलं. का नाही सांगितलंस?"

वरून, रंगपटातून, आप्पांचा आवाज आला. "कुजबूज, तो बोका आहे का गं तिथे? त्याला म्हणावं चहा निवतोय."

संगीतकार खड्ड्याच्या तीन पायऱ्या चढला. वरच्या पायरीवर क्षणभर थांबला, मिशीवरून हात फिरवला, आणि दार उघडून बाहेर पडला.